होडीची पेटी

माझ्या एकटीच्या शहाणपणापायी लालबागच्या एका अख्ख्या चाळीतल्या बायकांनी मतदानाच्या दिवशी शाळेच्या दारात बसकण मारली होती, असं सांगितलं तर तुम्ही म्हणाल, ही बाई थापा मारते. नाही हो मारत. चहा घ्या, सांगते. फक्त हसायचं ते शेवटी हसा, मध्येच हसलात की माझी लिंक तुटते.

साल बासष्ट. महाराष्ट्र होऊन पुरती दोन वर्षंही झाली नव्हती आणि आपल्या राज्याची पहिली विधानसभा निवडून द्यायची होती. आज तुम्हाला निवडणूक म्हणजे एक सुट्टी. तेव्हा लालबागमध्ये घरचं लग्न निघाल्यासारखं झालं होतं. नळावर तोच विषय, रेशनच्या रांगेत तोच विषय. नवरा-बायकोचं भांडणसुद्धा कुठून सुरू झालं तरी उमेदवारावर येऊन थांबायचं.

मी नवी सून. माहेर गिरगावचं, खोताच्या वाडीला लागून. सासर लालबागला, दुसऱ्या मजल्यावर गॅलरीच्या टोकाची खोली. आमचे हे गिरणीच्या टाइम ऑफिसात कारकून. सासूबाई मूळच्या मालवणकडच्या. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात मोर्च्याला गेल्या होत्या आणि मनगटावर पोलिसांची लाठी खाऊन आल्या होत्या. ते हाड कधी नीट जुळलंच नाही. भाकरी थापताना कळ आली की म्हणायच्या, "दुखूंदे मेला. मुंबई तर गावली."

आणि मी मॅट्रिक. चाळीतल्या बायकांत मॅट्रिक झालेली मी एकटीच. त्यामुळे तार आली की मला बोलवा, औषधाच्या बाटलीवर काय लिहिलंय ते मला विचारा. असं सारखं कुणी विचारत राहिलं ना, की माणसाला आपल्याला सगळंच कळतं असं वाटायला लागतं. मला लागलं होतं.

आमच्या बाजूचा प्रचार वरच्या मजल्यावरचे शिवराम भाऊजी बघायचे. ते एक दिवस दारात उभे राहिले. "वहिनी, पुरुषांचं आम्ही बघतो. बायकांचं तुमच्याकडे. आपली खूण होडी. एकही मत वाया जाता कामा नये."

"तुम्ही निर्धास्त राहा, भाऊजी," मी म्हटलं.

आता गंमत ऐका. मी जन्मात कधी मत दिलं नव्हतं. मागच्या, सत्तावन्नच्या निवडणुकीत माझं वयच बसत नव्हतं. पण त्या वेळी वडील मत देऊन आले आणि जेवता जेवता त्यांनी आम्हाला सगळं बैजवार सांगितलं होतं. पडद्याआड प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी ठेवलेली असते. पेटीवर त्याची खूण चिकटवलेली असते. हातात नोटेएवढा एक कागद देतात, तो आपल्या माणसाच्या पेटीत टाकायचा आणि बाहेर यायचं. एवढं मला पाठ होतं. वडील काही खोटं सांगायचे नाहीत.

मग काय, मी शिकवणीच सुरू केली.

स्वयंपाकघरातले डबे रिकामे केले. तांदळाच्या डब्यावर होडी, डाळीच्या डब्यावर सायकल, रव्याच्या डब्यावर उंट. चित्रं मीच काढली. उंट थोडा शेळीसारखा आला, पण तो आपला नव्हताच, म्हणून तसाच ठेवला. गॅलरीत दोरीवर चादर टाकून पडदा केला, कागदाचे तुकडे वाटले आणि एकेका बाईला आत सोडायला लागले.

सासूबाई पहिल्या फटक्यात पास. ताराबाई मात्र नापास. ताराबाई म्हणजे आमच्या शेजारीण, साताऱ्याकडच्या, गिरणीत वाइंडिंग खात्यात. त्यांनी कागद उंटाच्या डब्यात टाकला.

"अहो ताराबाई, होडी सांगितली होती ना?"

"ठावं हाय. पर उंटाच्या डब्यात कुणीच काय टाकंना, वंगाळ वाटलं," ताराबाई म्हणाल्या.

दोन दिवसांत ताराबाईंची उंटावरची दयाही मी घालवली. शिवराम भाऊजी एकदा जिन्यातून जाताना डबे बघून गेले. "झकास, वहिनी. खूण पक्की बसवताय," म्हणाले. मी डब्यांनी नेमकं काय शिकवत होते, ते त्यांनी विचारलं नाही. मीही सांगितलं नाही. न सांगण्यासारखं काही होतं का त्यात?

आणि एका दुपारी आला राणे.

हा समोरच्या चाळीतला. स्वभावाने गरीब, पण सायकलवाल्यांचा माणूस, म्हणजे आमचा विरोधक. हातात एक छापील कागद आणि छोटा शिक्का घेऊन तो गॅलरीत बायकांना सांगायला लागला, "मावशी, ह्या वेळी शिक्का मारायचाय हां. हे बघा, असा."

मी आतून पीठमाखल्या हातांनीच बाहेर आले. "राणेभाऊ, आमच्या बायकांना बनवायला दुसरी चाळ मिळाली नाही का?"

"वहिनी, अहो खरंच ह्या खेपेला..."

"जिना तिकडे आहे."

गेला बिचारा. मी लगेच सगळ्यांना गोळा करून बजावलं, "ऐका. शिक्क्याला कुणी हात लावायचा नाही. शिक्का मारला की मत बाद. आणि शिक्का मारा असं जो कोणी सांगेल, मग तो आपल्यातला का असेना, तो फितला समजायचं."

हे शेवटचं वाक्य मला का सुचलं, देव जाणे. पण बायकांना ते फार आवडलं. एकमेकींना म्हणून दाखवायला लागल्या.

मतदानाचा दिवस उजाडला. सगळ्यांनी ठेवणीतली लुगडी नेसली, गजरे माळले. सासूबाईंनी सकाळी देवापुढे निरंजन लावलं आणि दुखऱ्या हाताने नमस्कार केला. "ह्याच हातान मत घालतलंय," म्हणाल्या. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खरं सांगते. आम्ही निघालो तेव्हा रस्त्यातली माणसं बाजूला होऊन बघत होती.

मतदान म्युनिसिपल शाळेत होतं. मान म्हणून सासूबाई सगळ्यांत पुढे आणि देखरेख करायला मी सगळ्यांत मागे. मी पुढे राहिले असते तर पुढचं काहीच घडलं नसतं. पण पुढाऱ्याने मागे राहून लक्ष ठेवायचं असतं, असं मला वाटायचं.

सासूबाई आत गेल्या. मग आतून आवाज यायला लागला.

"शिक्को नको माका. पेटी खंय?"

"आजी, ही काय पेटी, टेबलावर."

"ह्येच्यार होडी खंय आसा?"

"होडी कागदावर आहे, आजी. तिच्यावर शिक्का मारायचा आणि..."

"माझी सून मॅट्रिक आसा. तिणा सगळा सांगल्यान हा. माका येड्यात काढू नको."

आणि सासूबाई दारात आल्या. आमच्या रांगेकडे बघून त्यांनी एकच वाक्य टाकलं, "बायांनो, होडयेची पेटी चोरल्यानी."

झालं. ताराबाई मटकन खाली बसल्या, दारातच. त्यांच्या मागच्या बसल्या, त्यांच्या मागच्याही. बघता बघता सगळा दरवाजा लुगड्यांनी भरून गेला. आत जायला वाट नाही, बाहेर यायला वाट नाही.

आणि मी? मी त्या क्षणी पायरीवर चढले. भिंतीला पाठ लावली आणि भाषण ठोकलं. आयुष्यातलं पहिलंच. ज्या राज्यासाठी आपल्या माणसांनी रक्त सांडलं, त्याच राज्याच्या पहिल्या निवडणुकीत गरिबाची पेटी पळवली जाते, आम्ही हे सहन करणार नाही, वगैरे वगैरे. आवाज असा लागला होता की माझा मलाच काटा आला. पाळी सुटलेले गिरणीवाले थांबले. "पेटी चोरली, पेटी चोरली," हा हा म्हणता नाक्यापर्यंत गेलं. नाक्यावरून परत आलं तेव्हा ते "पेटी जाळली" झालं होतं. शिवराम भाऊजी धावत आले. एक फौजदार चार शिपाई घेऊन आला, पण बायकांना हात कसा लावायचा म्हणून सगळे नुसते उभे राहिले.

शेवटी केंद्राचे मुख्य साहेब बाहेर आले. गोरे, चष्मेवाले, बोलणं अगदी पुणेरी. "ह्यांच्या पुढारी कोण?"

सगळ्या बायकांनी माझ्याकडे बोट केलं.

साहेबांनी मला आत नेलं, खुर्ची दिली, आपल्यासाठी आणलेला चहा माझ्यापुढे ठेवला. "बोला, काय तक्रार आहे?"

"प्रत्येक उमेदवाराची वेगळी पेटी पाहिजे. इथे एकच आहे."

साहेबांनी चष्मा काढून पुसला. "बाई, ती पद्धत गेली. मागल्या निवडणुकीबरोबरच गेली. आता सगळ्यांना मिळून एकच पेटी. खुणा कागदावर छापलेल्या असतात, आपल्या खुणेवर शिक्का मारायचा, घडी घालायची आणि पेटीत टाकायचं. बाहेर भिंतीवर चित्रासकट लावलंय आम्ही."

"कुठल्या भिंतीवर?"

"आपण ज्या भिंतीला टेकून आत्ता बोलत होता, त्याच."

मी समोरचा चहा उचलला आणि एका दमात पिऊन टाकला. ती आणखी एक चूक.

कारण मी बाहेर आले, तोंड पुसलं आणि म्हटलं, "बायांनो, उठा. शिक्काच मारायचाय."

कुणी हललं नाही. सासूबाईंनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. "तुका आत काय पाजल्यानी गो?"

"चहा."

"फितलंस," सासूबाई म्हणाल्या.

"आई, अहो मी चुकीचं शिकवलं होतं. पद्धत बदललीय."

"व्हय व्हय," ताराबाई म्हणाल्या. "तूच सांगितलंस न्हवं? शिक्का मार म्हनंल त्यो फितला. आपल्यातला का आसंना."

शिवराम भाऊजींनी समजावून बघितलं, तेही फितले. फौजदाराने सांगितलं, तो तर सरकारचाच. मी हात जोडले, आणाभाका घेतल्या. पण मी शिकवलेलं इतकं पक्कं बसलं होतं की माझ्याने काही ते उखडेना. ऊन चढत होतं. भाऊजी माझ्या कानात म्हणाले, "वहिनी, ह्या उठल्या नाहीत तर अख्खी चाळ गेली आपली."

तेवढ्यात रांगेतून राणे पुढे आला. म्हाताऱ्या आईला हाताला धरून.

"मावशी," तो सासूबाईंना म्हणाला, "मी सायकलवाला, माझ्यावर विश्वास ठेवू नका. पण ही माझी आई. मघापासून उन्हात उभी आहे. तिला मी शिक्का मारायलाच शिकवलंय. शिक्क्याने मत बाद होत असतं, तर मी माझ्या आईचं मत बाद केलं असतं का?"

सासूबाई राणेकडे बघत राहिल्या. मग त्याच्या आईकडे बघितलं.

"नाय," त्या म्हणाल्या. "आवशीक कोण फसवीत नाय. चला गो, उठा."

साहेब म्हणाले, शिकवायचं ते लांब नेऊन शिकवा, इथे नाही. म्हणून आमची ती सगळी वरात रस्ता ओलांडून लांबच्या कोपऱ्यावर गेली, थेट सायकलवाल्यांच्या टेबलापाशी. आणि राणे घाम पुसत एकेकीला दाखवत होता, "ही होडी. इथे. नाही मावशी, सायकलवर नाही, तुमची होडी इथे." मध्येच माझ्याकडे बघून म्हणाला, "वहिनी, आमच्या साहेबांना हे कळलं तर माझं काही खरं नाही."

मी पाणी आणून दिलं त्याला.

एकेक करत सगळ्यांनी मत दिलं. सासूबाई बाहेर आल्या त्या बोटाची शाई सगळ्यांना दाखवत. शेवटी माझा नंबर आला. दोन कागद मिळाले, एक दिल्लीच्या लोकसभेचा, एक आपल्या राज्याचा; दोन्ही निवडणुका एकदमच होत्या. दोन्हीकडे आमची होडी. पडद्याआड गेले. नव्या राज्यातलं माझं पहिलं मत. दोन्ही कागदांवर शिक्के मारले, मस्त, ठसठशीत. आणि इतकं भरून आलं म्हणून सांगू. एवढ्या धुमाळीत एवढं तरी आपण नीट केलं, असं वाटलं.

संध्याकाळी आमच्या खोलीत बायकांचा चहा चालला होता. मी फितल्याची गोष्ट आता सगळ्या हसून हसून सांगत होत्या. आमचे हे कामावरून आले, सगळं ऐकलं आणि म्हणाले, "बरं, तुझं मत तरी नीट पडलं ना?"

"म्हणजे काय," मी म्हटलं. "दोन्हीकडे होडीवर शिक्का. आणि खाली पर्समधल्या पेनाने झोकदार सही. लग्नानंतरच्या नावाची."

ह्यांनी कप खाली ठेवला. "सही? मतपत्रिकेवर?"

"साध्या गणिताच्या पेपरवरसुद्धा नाव घालतात. हे तर केवढं मोठं मत."

"अगं, मत कुणाचं ते कळता कामा नये. सही दिसली की मत बाद करतात." मग अगदी हळू आवाजात, "दोन्हींवर केलीस?"

"दोन्हींवर."

सासूबाईंनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली आणि माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"बरां झाला गो बाय," त्या म्हणाल्या, "तू आमका सही करूक शिकयलंस नाय."