चौकोनी डोक्याचा बोल्ट

जेवणाच्या टेबलावर जेवायची सोय उरली नव्हती. तिथे काकांच्या जुन्या गाडीच्या इंजिनाचे बोल्ट विराजमान झाले होते. पुठ्ठ्यावर इंजिनाचं चित्र, चित्राला भोकं, आणि जिथला बोल्ट तिथेच खोचलेला. काका भिंग लावून एकेका डोक्यावरचं कारखान्याचं अक्षर तपासत. जुळलं की खूश, नाही जुळलं की पारा चढलेला. काकू ताट मांडीवर घेऊन जेवत आणि आतल्या आत धुमसत.

त्यात डायनॅमोचा तो बोल्ट! बाकीचे सगळे षटकोनी, हा एकटाच चौकोनी डोक्याचा. लांबीला जास्त, म्हणून खाली दोन वायसर. अक्षराचा तर पत्ताच नाही.

"कुठल्या गाढवाने हा घुसडलाय?" काका येईल त्याला दाखवून विचारत. "असल्यांचे हात तोडले पाहिजेत!"

ते हात तेव्हा ओट्यापाशी भांडी घासत होते.

काकूंना सगळं लख्ख आठवत होतं. काही वर्षांपूर्वी अपेंडिक्सच्या कळांनी काका याच गाडीच्या मागच्या सीटवर गडाबडा लोळत होते, आणि डायनॅमो लोंबकळत होता. त्याचा बोल्ट कुठेतरी गळून पडला होता. तो नाही तर पट्टा सैल, पट्टा सैल तर पाणी फिरणार नाही, आणि इंजिन अर्ध्या वाटेत उकळणार. मदतीला चिटपाखरू नव्हतं. काकूंनी सरळ आपल्या शिलाई मशीनच्या लोखंडी पायाचा बोल्ट काढला, गाडीला बसवला आणि गाडी हॉस्पिटलाकडे दामटली. अजून उशीर झाला असता तर आटोपलंच होतं, असं डॉक्टर म्हणाले. मशीनला मग लाकडी खुंटी ठोकली. त्या डुगडुगत्या मशीनवर शाळांचे गणवेश शिवून काकूंनी घर चालवलं.

बरं, सांगितलं नव्हतं असंही नाही. काका बरे होऊन घरी आल्यावर सगळं सांगितलं होतं. पेपरातून डोकं वर न काढता ते "हं" म्हणाले होते. बोल्टांची सात पिढ्यांची कुळकथा या माणसाला तोंडपाठ, आणि बायकोचं सांगणं या कानाने आत, त्या कानाने बाहेर! काकूंनीही मग हट्टाने तोंड शिवून घेतलं. बघू तरी, कधी आठवतंय ते.

नाहीच आठवलं. एक दिवस भंगारवाल्याकडे अस्सल बोल्ट मिळाला आणि काका नाचतच घरी आले. चौकोनी बोल्ट त्यांनी कचऱ्याच्या डब्याकडे भिरकावला. "चल, नीघ!"

"खबरदार!" काकू कडाडल्या. त्यांनी बोल्ट उचलला, टेबलावरचा पाना घेतला आणि तरातरा मशीनपाशी गेल्या. खुंटी उपटून त्यांनी बोल्ट आवळला. तो चपखल बसला. चाक फिरवलं, तर मशीन जराही डुगडुगलं नाही.

"अगं, पण तो तिथे कसा काय बसला?"

"त्याचंच भोक आहे ते. जिथला बोल्ट तिथेच, असं तुम्हीच म्हणता ना? आणि तुमचं ते गाढव मीच."

काकांनी खाली पडलेली खुंटी उचलली. तेल पिऊन ती काळी झाली होती, एका बाजूने झिजली होती. त्यांचा आवाज एकदम उतरला.

"ही कधीपासून आहे इथे?"

"तुम्हाला हॉस्पिटलात नेलं तेव्हापासून," काकू म्हणाल्या. "घरी आल्यावर सांगितलं होतं. तुम्ही 'हं' म्हणालात."