अल्सरचं पथ्य

आमच्या घरात आजार माणसाला होतो, पण सांगितला जातो कुटुंबप्रमुखाला. ही रीत कुणी घातली देव जाणे. दिवाळीनंतर आबांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एंडोस्कोपीचा आणि स्कॅनचा रिपोर्ट आला तेव्हा जळगावच्या डॉक्टरांनी दारातच विचारलं, "घरातलं मोठं कोण?" नाना पुढे झाले. नाना म्हणजे आबांचे थोरले भाऊ. आबा बाकड्यावर पिशवी मांडीत घेऊन बसून राहिले. जठराचा कॅन्सर होता, यकृतापर्यंत गेलेला. नाना बाहेर आले आणि आबांना म्हणाले, "अल्सर शे. पथ्य पाळनं पडी." झालं. निकाल लागला.

मी धुळ्याला देवपुरात राहते, शाळेत विज्ञान शिकवते. पेशी कशा वाढतात ते वर्षानुवर्षं फळ्यावर काढून दाखवलंय. माहेरी, धरणगावाजवळच्या खेड्यात, त्याचा उपयोग शून्य. तिथे मी फक्त लेक.

त्याच दवाखान्यात एक संशोधन सुरू होतं. पोटाचा कॅन्सर पसरलेल्या रुग्णांपैकी काहींना नेहमीची केमोथेरपी आणि काहींना तीच केमो अधिक एक नवं औषध. कुणाला काय मिळणार ते कॉम्प्युटर ठरवणार, चिठ्ठ्या टाकल्यासारखं. ते काम बघणारी डॉक्टर माझ्याहून लहान होती. तिने मला सगळं नीट समजावलं. आजार बरा होणार नाही, पण काही महिने मिळू शकतात, दुखणं हलकं होऊ शकतं, आणि त्रासही होऊ शकतो, हे सगळं तिने लपवाछपवी न करता सांगितलं. मला ती आवडली. मग म्हणाली, "एकच अट आहे. रुग्णाला स्वतःला आजार माहीत पाहिजे आणि होकार त्यांनी स्वतः दिला पाहिजे."

नाना म्हणाले, "मी देतो ना होकार. बाप गेल्यापासून त्याचा बाप मीच."

"तुमचा नाही चालत, काका."

नानांना आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी हे ऐकवलं असेल. त्यांचा चेहरा बघून मला आनंद झाला होता, खोटं कशाला बोलू.

डॉक्टरने आबांना आत बोलावलं. खुर्ची दिली. नाना उभे होते म्हणून आबा बसेनात. शेवटी दोघंही उभे. तिने हळू आवाजात विचारलं, "आबा, तुम्हाला काय झालंय ते मी तुम्हाला सांगू का? ऐकायचंय तुम्हाला?"

आबांनी नानांकडे बघितलं. साठी उलटलेला माणूस, कापूस कधी वेचायचा हे आभाळाकडे नुसतं बघून ठरवणारा, आणि स्वतःच्या पोटाविषयी विचारलं तर भावाच्या तोंडाकडे बघतो.

"त्याले काय समजस," नाना म्हणाले. "माले सांगा."

"भाऊले सांगा," आबा म्हणाले. "भाऊ म्हनतीन तसं."

डॉक्टरने पुन्हा विचारलं. पुन्हा तेच उत्तर. तिने पेन खाली ठेवलं आणि आम्हाला बाहेर बसायला सांगितलं. मला एकटीला बोलावून म्हणाली, "असं मी कुणाला संशोधनात घेऊ शकत नाही. घरी बोला. पण फार थांबू नका. लिव्हर बिघडलं तर नियमात बसणार नाहीत."

साधी केमो तरी द्या, म्हणून मी नानांच्या मागे लागले. दवाखान्याच्या गेटवरच आमचं भांडण झालं. ते म्हणाले, "केस गेले की त्याला कळेल. कळलं की धसक्यानेच जाईल. तुला बाप मारायचाय का?" मी म्हटलं, "तुम्ही काय करताय मग?" त्यांनी माझ्याशी बोलणं टाकलं.

मी आबांना सरळ सांगणारच होते. आईने ओळखलं. चुलीपाशी तिने माझा हात ओढून स्वतःच्या डोक्यावर ठेवला आणि शपथ घातली, "मनी आन शे तुले." आईच्या डोक्यावरचा हात काढून कुठे ठेवायचा, हे विज्ञानात शिकवत नाहीत. मी गप्प बसले आणि आईचा मला संताप आला. तो अजून आहे.

आबांनी पथ्य मात्र असं पाळलं की काय सांगू. मऊ भात, मुगाचं पाणी, दूध. ठेचा बंद, तेल बंद, चहासुद्धा बंद. हिवाळ्यात शेतात भरीत झालं, बठ्ठा, म्हणजे सगळा गाव जेवला, आबा लांब बांधावर डब्यातला भात गिळत बसले. कुणी आग्रह केला तर सांगायचे, "अल्सर शे ना भो. दोन महिना कळ काढू." वजन उतरत गेलं तसं ते पथ्य आणखी कडक करत गेले. आधी दूध सोडलं, मग भातातलं मीठ. जे थोडं सुखाचं उरलं होतं ते स्वतःच्या हाताने ताटातून काढून टाकत होते, आणि नाना कौतुकाने बघत होते. मरणाऱ्या माणसाला आम्ही चवीचंही मिळू दिलं नाही.

उन्हाळा लागता लागता नाना जरा नरमले. मी आबांना पुन्हा त्या डॉक्टरकडे नेलं. तिने डोळ्यांची पापणी खाली ओढली आणि तिथेच मला कळलं. कावीळ. रक्ताचे आकडे संशोधनाच्या मर्यादेपलीकडे गेलेले. "आता नाही घेता येणार," ती म्हणाली. साधी केमोही झेपणार नव्हती. त्या औषधाने आबा वाचले असते असं मी म्हणत नाही, तीही म्हणाली नव्हती. पण बरोबर आलेले नाना गाडीत बसताना ड्रायव्हरला म्हणाले, "पाहिलं? नशिबातच नव्हतं त्याच्या." मी दार इतक्या जोरात आपटलं की ड्रायव्हर दचकला.

शेवटच्या आठवड्यात आबा खाटेवरून उठत नव्हते. एका दुपारी त्यांनी नानांना बोलावून घेतलं. मी उशाशी वारा घालत होते. त्यांनी नानांचा हात धरला, आवाज जेमतेम निघत होता.

"भाऊ, मनं चुकनं."

"काय चुकनं?"

"आखाजीना सनले मी मिरची खादी. तळेल व्हती, मीठ लायेल. कोनले सांगं नही." थोडं थांबून म्हणाले, "तेन्हामुये बिघडनं बठ्ठं. डॉक्टरले बोल नका लावू."

मी नानांकडे बघत राहिले. आता तरी बोला. आता तरी सांगा त्यांना, की तुझं काही चुकलेलं नाही.

नानांनी त्यांच्या कपाळावरून हात फिरवला. "जाऊ दे," म्हणाले. "आते परत नको खाजो."

आबांनी मान हलवली, शाळेतल्या पोराने हलवावी तशी. भावाने माफ केलं म्हणून चेहरा मोकळा झाला. त्यानंतर ते काही बोलले नाहीत.

दोन दिवसांनी, तिरडी बांधणं चाललं असताना, नाना ओसरीवर माझ्याशेजारी येऊन बसले. किती महिन्यांनी ते माझ्याशी बोलत होते. उपरण्याने डोळे पुसत म्हणाले, "देखं ना? शेवटलोंग काहीच समजनं नही त्याले."