वन्संचं तळहाताएवढं रान

आमच्या वन्संना साक्षात देवासमोर उभं केलं, तरी त्या आधी त्याच्या पायाशी तण किती माजलंय ते बघतील. वन्सं म्हणजे माझी नणंद, शिक्रापूरची. सगळा जन्म खुरपण्यात गेला. पुढं रानावर गोडाऊन उभं राहिलं, आन् बाईच्या हातातलं खुरपं सुटलं. त्याबद्दल कधी अवाक्षर काढलं नाही, पण हात गप बसेनात. दवाखान्यात नंबर येईस्तोवर तिथल्या कुंड्या खुरपून मोकळ्या! एकदा मंगल कार्यालयात इकडं मंगलाष्टकं चाललेली आन् ह्या उकिडव्या बसून लॉन उपटतायत. "लग्नाची जागा, आन् हरळी किती माजू दिलीय!" मी हाताला धरून उठवलं, तर म्हणाल्या, "बोटं वळवळत्यात वहिनी. झोप न्हाई लागत."

त्यांचा मुलगा सणसवाडीला जपानी कंपनीत. कंपनीनं त्याला वर्षभर तिकडं जपानला धाडलं, तेव्हा त्यानं आईला बोलावलं, सोबतीला मला. एक दिवस आम्हाला फार जुन्या शिंतो देवळात नेलं. दारात मोठी लाकडी कमान. पळीनं हात धुवायचे, दोनदा वाकायचं, दोन टाळ्या वाजवायच्या. वन्संनी टाळ्या धरल्या त्या आरतीच्या, थांबतायत कशाला!

मागं बाग. झाडांखाली नुसतं हिरवंगार शेवाळ, गादी अंथरल्यासारखं. मी "अगंबाई!" म्हणेस्तोवर वन्सं दोरीपलीकडं. "देवाच्या दारात शेवाळ! घसरून पडंल की कुणी!" आन् मूठभर उपटलंसुद्धा.

"आई, अगं ते मुद्दाम जपलेलं हाय! मामी, तुम्ही तरी सांगा हिला!" भाचा पांढराफटक पडला.

बागेत काम करणारी एक म्हातारी, डोक्याला फडकं बांधलेली, उठून आली. वन्संनी हात पाठीमागं लपवला. "वहिनी, माझ्या हाताला आता रानच कळंना झालंय," एवढंच म्हणाल्या. रान गेल्यापासून पहिल्यांदा त्यांचे डोळे भरलेले मी बघितले.

म्हातारीनं तो हात पुढं ओढला. भेगाळलेल्या बोटांवरून अंगठा फिरवला आन् हसली. शेवाळ जागेवर ठेवून तळव्यानं दाबलं, त्यातून वर आलेली गवताची काडी दाखवली, आन् आपलं खुरपं वन्संच्या हातात दिलं. मग काय! दोघींनी खुरपायला एकच पात धरली. "बाई, लई निगुतीचं रान हाय तुमचं," ह्या म्हणायच्या, ती तिच्या भाषेत काहीबाही सांगायची. भाचा घड्याळ बघायला लागला. म्हटलं, राहू दे रे.

परतीच्या गाडीत वन्सं लेकरासारख्या गाढ झोपल्या.

आता शिक्रापुरात पाण्याच्या टाकीमागं, ऊन पोचत नाही त्या कोपऱ्यात, त्यांनी तळहाताएवढं शेवाळ जपलंय. रोज ओंजळभर पाणी शिंपडतात, त्यातलं तण चिमटीनं काढतात. परवा मी तिकडं पाऊल टाकलं, तर केवढ्यानं ओरडल्या, "वहिनी, बाजूला व्हा! माझ्या रानात उभ्या हायसा!"

मी चप्पल काढून हातात घेतली.