फ्लेक्सवरची दोन कृष्णविवरं

पिंपळगाव रेणुकाईच्या शाळेच्या गेटवर माझाच फोटो बघून मी जागीच थिजले. खाली ठळक अक्षरं: ‘दोन कृष्णविवरे शोधणाऱ्या भूमिकन्येचा जाहीर सत्कार’. मला तर मुलांशी गप्पा मारायला बोलावलं होतं.

“दादा, हे काय? शोधाचा पेपर अजून छापायला पाठवलासुद्धा नाही!”

“तूच फोनवर म्हनली ना? म्या लगेच सरपंचाला सांगून आल्तो,” भाऊ खुशीत म्हणाला.

मी पुण्यात आकाशगंगेपलीकडच्या दीर्घिकांवर काम करते. लंबवर्तुळाकार दीर्घिका म्हणजे जुन्या ताऱ्यांचा अंडाकृती गोळा, मधोमध उजेड दाट, कडेला विरळ. अवकाश दुर्बिणीच्या एका फोटोतला हा एकसारखा विरत जाणारा उजेड मी कॉम्प्युटरवर वजा केला, तर मध्ये दोन ठिपके उरले. मोठ्या दीर्घिकेच्या केंद्रात सहसा एक कृष्णविवर असतं; दोन केंद्रं, म्हणजे बहुधा दोन कृष्णविवरं! माझं नोकरीचं कॉन्ट्रॅक्ट वाढणं याच पेपरवर अवलंबून होतं.

गळ्यात हार पडला आणि बॉसचा फोन आला. मॅडम थेट मुद्द्यावर आल्या.

“इन्फ्रारेडचा डेटा आलाय. केंद्र एकच आहे.”

“मग ते दोन ठिपके?”

“मधून धुळीचा पट्टा गेलाय. एकाचेच दोन दिसत होते. पेपर थांबव.”

साधा उजेड धुळीला अडतो, इन्फ्रारेड बऱ्यापैकी पार होतो. हे मी दरवर्षी विद्यार्थ्यांना शिकवते! नोकरी डळमळीत, आणि समोर अख्खं गाव बसलेलं.

आई पहिल्या रांगेत होती. वाकून तिला सांगितलं, “माय, चुकलं गं. एकच निघालं.”

“मंग एकच हाय म्हन. त्यात रडायचं काय?”

माईकवर तसंच सांगितलं. सरपंच उठले.

“ताई, एकाला बी शाल चालंल ना?”

सगळे हसले. मी मात्र शाल घेताना मान वर केली नाही.

पेपर आता त्या धुळीच्या पट्ट्यावर झालाय. कॉन्ट्रॅक्ट वाढलं, पण फक्त एका वर्षासाठी. फ्लेक्स दादाने कडबा झाकायला वापरलाय. हल्ली कुणी दोन दिसतात म्हणालं, की मी आधी विचारते, मध्ये आडवं काय आहे? आणि दादाशी फोनवर फक्त पाऊसपाण्याचं बोलते.