उपाशी बदाम

त्या बाईचे दोन फोन मी नोकरीत असताना घेतले. निवृत्त झालो, तरी ते कानातून गेलेले नाहीत.

पहिला आला तेव्हा मी दारव्ह्याकडच्या एका ठाण्यात ठाणेदार होतो. "साहेब, बाजारात गुरांच्या शेडमागं फाशाचा पट मांडला हाये. माहा नवरा तेथंच हाये. मारू नका त्याले, फक्त उठवा."

स्टेशन डायरीत नोंद केली, दोन पंच घेतले आणि साध्या कपड्यांत गेलो. बदाम, झेंडा अशा सहा छापांचा मेणकापडी पट, तेच छाप असलेले तीन फासे, भोवती कोंडाळं. पंचनामा झाला, मुद्देमाल सील केला. खेळणाऱ्यांत तिचा नवरा सापडला. पंपाच्या जळालेल्या मोटारींत नवी तार भरून देण्याचं दुकान चालवणारा, हातात कसब असलेला माणूस.

चौकशीत विचारलं, "फासे भरलेले होते का, एका बाजूला जड?"

"नाही साहेब. बदाम उपाशी होता, म्हणून लावत गेलो."

बराच वेळ न पडलेल्या छापाला ते लोक उपाशी म्हणत. उपाशी आहे म्हणजे आता येणारच. पैसे लावलेला छाप एका तरी फाशावर आला की जिंकलं. शिवाय त्याचा हिशेब पक्का होता : छाप सहा, फासे तीन, म्हणजे अर्धा डाव आपला.

नोटीस देऊन त्याला सोडलं आणि संध्याकाळी घरी बोलावलं. माझं कुटुंब मुलांच्या शाळेसाठी पुसदला, क्वार्टरात मी एकटा. लुडोचे तीन फासे विकत आणले होते.

"चार म्हणजे तुझा बदाम. टाक."

तो टाकत गेला, मी समजावत गेलो. तीन फासे दोनशे सोळा तऱ्हांनी पडतात. त्यांतल्या एक्क्याण्णव तऱ्हांतच आपला छाप दिसतो, कारण कधी दोन फाशांवर तोच छाप येतो आणि एक जागा वाया जाते. जोडीला दुप्पट मिळालं, तरी ती तूट भरत नाही.

"अन् उपाशी?"

"फाशाला मागचा डाव आठवत नाही."

"म्हंजे माह्यापेक्षा फासा सुखी," तो हसला.

समजवायचं ते दोन संध्याकाळींत संपलं होतं. तरी मी त्याला बोलावत राहिलो. चहा दोघांचा टाकायला बरं वाटायचं. एकदा त्याने विचारलं, "मंग जिकते कोन?"

"पट मांडणारा. तो फक्त बसून राहतो."

पुढे तो यायचा थांबला. सुधारला, असं मी धरून चाललो. मग दुसरा फोन आला.

"साहेब, आता थो हरत नाही."

"मग चांगलंच झालं की."

"चांगलं असतं तं फोन कायले केला असता? दुकानाले कुलूप हाये."

तेव्हा माझ्या लक्षात आलं. पुन्हा त्याच शेडमागे आम्ही पोहोचलो तेव्हा माणसं पांगली. एक म्हातारा पळता पळताही "झेंडा उपाशी होता" म्हणत होता. पट मांडून बसलेला तिचा नवरा मात्र जागचा हलला नाही.

ठाण्यात विचारलं, "काहून केलंस हे?"

"तुमीच तं सांगतलं साहेब, कोन जिकते. फासे साफ हायेत, पाहून घ्या."

पाहिले. साफ होते. जुगार प्रतिबंधक कायद्याखाली गुन्हा नोंदवला आणि सही केली. त्याच्याकडे बघणं मला जमलं नाही.

जामिनाला त्याची बायको आली. कागदावर अंगठा ठेवून जाता जाता म्हणाली, "मी उठवा म्हनलं होतं, साहेब."

एवढंच. मी त्याला उठवलं नव्हतं, जागा बदलून दिली होती. नोकरीत मी पुष्कळांना शहाणपण सांगितलं. पण ते कुणाच्या हाती पडतं, तो त्याचं काय करील, हे विचारायचं असतं, ते या प्रकरणाने शिकवलं. त्याच्या सोबतीची मला गरज होती, म्हणून मी विचारलं नाही.

दुकान पुन्हा उघडलं की नाही, मला माहीत नाही. बदली झाली, मग निवृत्ती. लुडोचे फासे कपाटात आहेत. आताही चहा टाकताना पाणी कधी कधी दोन कपांचं घेतलं जातं.