ओब्दुलिया आत्याला हाक कशी मारायची

माझी ओब्दुलिया आत्या सदुसष्ट वर्षांची झाली आणि आमच्या हुचितान गावच्या बाजारात तिच्यावरून भांडण पेटलं. आमच्याकडे केस पिकलेल्या बाईच्या नावाआधी 'ना' लावतात, पुरुषाच्या नावाआधी 'ता'. आत्या मुशे. म्हणजे मुलगा म्हणून पाळण्यात नाव ठेवलं ओब्दुलियो, आणि चालता यायला लागल्यापासून आजीचा परकर नेसून फिरली. आमच्या बोलीत 'तो' आणि 'ती' एकच, त्यामुळे बोलताना कुणाचं अडलं नाही. अडलं ते या मानाच्या हाकेपाशी.

ती नऊ वर्षांची असताना आजोबांनी तिला मासेमारी शिकवायला खाडीवर नेलं. शीड फाटलं होतं, ते शिवायचं काम तिला दिलं. तिनं फाटक्या जागी ताटाएवढं लाल जास्वंद भरलं. कोळी आठवडाभर हसले. आजोबा तीन दिवस घरी जेवले नाहीत. चौथ्या दिवशी आजी त्यांच्यासमोर मासा ठेवून म्हणाली, "मुलगी लग्न करून जाईल, मुलगा बायकोचा होईल. म्हातारपणी तुला हेच लेकरू वाढणार आहे. गप जेव."

आजोबा जेवले. पुढे लक्षात आलं, की जास्वंदाचं शीड लांबूनच ओळखू येतं आणि मासळीवाल्या बायका आधी त्यांच्याच होडीकडे धावतात. महिनाभरात हसणारे कोळी आपापली शिडं घेऊन आत्याच्या दारात उभे.

माझे बाबा मात्र हट्टी. चार वर्षं त्यांनी तिच्याशी बोलणं टाकलं होतं; रस्त्यात दिसली तर पलीकडून जायचे. मग त्यांचं लग्न ठरलं आणि आईनं अट घातली, लग्नाचा पोशाख ओब्दुलियाच भरणार, नाहीतर लग्न नाही. बाबा टोपी हातात घेऊन गेले. तिनं त्यांना पाच महिने समोर बसवून रेशमाच्या लडी धरायला लावल्या. गप्प तरी किती बसणार? दुसऱ्या आठवड्यात दोघं भांडायला लागली, तिसऱ्या आठवड्यात एकत्र जेवायला. त्यांच्याच कोटाचं माप घेताना एक टाचणी बाबांच्या कुल्ल्यात घुसली. चुकून, असं ती अजून म्हणते.

तर बाजारातलं भांडण. मक्याच्या कुरकुरीत भाकऱ्या विकणारी ना एउफेमिया सकाळी तिला 'ना ओब्दुलिया' म्हणाली. समोरच्या खाटिक ता मेलितोनला ते पटलं नाही. त्याचं म्हणणं, हिनं खांद्यावर बिअरची खोकी वाहिली तेवढी मीही नाही वाहिली, हिला 'ता' म्हणा. झालं. सुकटवाल्या एका बाजूला, खाटिक दुसऱ्या बाजूला. गिऱ्हाईक उभं आणि विकायला कुणी नाही. दुपारी मी कंटाळून म्हटलं, तिलाच विचारा की.

सगळा घोळका तिच्या भरतकामाच्या दुकानात शिरला. ती आरशात बघून ओठ रंगवत होती. तिनं दोन्ही बाजू शांतपणे ऐकून घेतल्या.

"'ना' म्हातारी असते. 'ता' म्हातारा असतो," ती म्हणाली. "यात माझा काय संबंध?"

"मग तुला म्हणायचं तरी काय?" मेलितोननं विचारलं.

"पोरी म्हणा."

मेलितोन तिच्याहून अकरा वर्षांनी लहान. त्यानं एउफेमियाकडे पाहिलं, एउफेमियानं छताकडे. पण तिचा दुखरा गुडघा सोडला तर तिच्यात म्हातारं काही सापडेना, आणि गुडघ्याबद्दल बोलायची हिंमत कुणात नव्हती. तेव्हापासून पांढऱ्या मिशांचे खाटिक सकाळी तिच्या दुकानावरून जाताना घसा खाकरतात आणि म्हणतात, "काय पोरी, बरी आहेस ना?" ती मान वेळावते.

यंदा मे महिन्यात फळं उधळायची मिरवणूक निघाली. आत्या ट्रकच्या टपावर, घेरदार परकरात, फुलांचा मुकुट घालून. मी खाली, टोपलीतून आंबे वर देत होते. पहिलाच आंबा तिनं नेम धरून मेलितोनच्या टोपीवर हाणला. टोपी गटारात गेली. त्यानं आंबा उचलला, बाहीला पुसला आणि तिथेच उभं राहून खाल्ला. गोड होता म्हणे.