अख्तरीबाईंना दिसलेल्या दोन कांता

आरमोरीच्या बाजारात बांगड्या भरणाऱ्या अख्तरीबाईंचा डावा डोळा लहानपणापासून नाकाकडे वळलेला. ब्याऐंशी साली नागपूरच्या डॉक्टरांनी ऑपरेशन करून तो सरळ केला, तेव्हा बाई महिनाभर ज्याला त्याला डोळा दाखवत फिरल्या. तीन वर्षांनी तोच डोळा कानाकडे सरकू लागला आणि त्यांना सगळं दोन-दोन दिसू लागलं.

हात दोन दिसले तरी अडत नव्हतं. बांगडी त्या बोटांच्या अंदाजानेच चढवायच्या. नजर असायची पोरीच्या तोंडावर. कपाळाला आठी पडली की हात थांबला. आता समोर तोंडंच दोन! एक डोळा मिटून पाहिलं, तर कुणाच्या मामाला वाटलं, बाई डोळा मारते. मग डोळ्यावर ओढणीचं टोक आलं, पण ते सारखं घसरायचं. त्यातच एका नवरीच्या हातात बांगडी वाढली. फुटली म्हणायचं नसतं, पण अपशकुन म्हणायला आमच्या बायका मोकळ्याच! गिऱ्हाईक तुटलं. डॉक्टर म्हणाले, तेव्हा सैल केलेला स्नायू फार मागे गेला, काहींचं होतं असं. पुन्हा ऑपरेशन करून पुढे आणू. बाई तयार होईनात. होता तो डोळाही गेला तर, ही धास्ती.

माझ्या लग्नात मावशीने दुसरी बांगडीवाली ठरवली. मी हटून बसले, भरीन तर अख्तरीबाईंकडूनच. त्या आल्या आणि माझा हात धरून दोन्ही डोळे मिटून बसल्या.

"दुखलं तं सांगजो, कांता. मले तू दोन दिसून राह्यली."

माझ्या अंगठ्याचं हाड रुंद. जीव कळवळत होता, पण सगळ्या मावश्या टपून बसलेल्या. दुखत नाई, दुखत नाई, म्हणत राहिले. दोन्ही हात भरले, एकही वाढली नाही. बाईंना रडू फुटलं. तेव्हा मी म्हटलं, "सातव्या महिन्यातबी तुमीच भरजा. पर माया तोंडाकडे पाहून."

पुढच्या महिन्यात त्या नागपूरला गेल्या.

मला दिवस गेले. सातव्यात ओटी भरायच्या दिवशी बाई बांगड्या घेऊन आल्या तेव्हा डोळा जाग्यावर होता. थकल्यावर जरा बाहेर जातो म्हणून चष्मा लागला होता. पहिली बांगडी अंगठ्याच्या हाडाशी आली. मी तोंड अगदी साधं ठेवलं. बाईंचा हात थांबला. कितीतरी वेळ त्या माझ्याकडे पाहत राहिल्या.

"लग्नातबी असंच दुखलं होतं ना तुले?"

त्यांनी बांगडी काढली, साबणाचं पाणी मागितलं आणि माझा हात त्यात बुडवून हळूहळू चोळत बसल्या.